मुठीवरचा लॅकर आधी काढा

रुग्णालयाच्या दारांना तांब्या-पितळेच्या मुठी बसवल्या की वॉर्डातला संसर्ग आटोक्यात येतो, असं एका लेखात म्हटलंय. अर्धंच खरं आहे. बाजारातल्या चकचकीत पितळी मुठीवर बहुधा लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक लेप असतो; त्याखालचं तांबं जंतूला शिवतच नाही. खरेदीच्या ऑर्डरमध्ये 'लॅकर, पॉलिश, मेण नको' आणि 'तांबं किमान ६० टक्के' हे स्पष्ट लिहा. नुसता पितळी रंग दिलेली मूठ काही कामाची नाही.

अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जो दावा मान्य केला, तो दोन तासांत ९९.९ टक्के जिवाणू मरण्याचा, तोही नियमित साफसफाईला जोड म्हणून. दोन तासांत त्या मुठीला किती हात लागतात ते मोजा! म्हणजे फडकं आणि हात धुणं सुटत नाहीच.

मूठ काळपट पडली तर घाबरू नका, चिंच लावून घासायचीही गरज नाही. नडतो तो फिनाईल-साबणाचा साचलेला थर. हायपोक्लोराइट (ब्लीच) वापरलं तर नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर धातू खातं. पहिला मान मुठीपेक्षा खाटेच्या कठड्याला, सलाईनच्या स्टँडला आणि नर्स बोलवायच्या बटणाला द्या.