उडवून देऊ का?

बोटं अजून वळत नाहीयेत, त्यामुळे राग सावकाश टाइप करतोय.

पारा शून्याखाली. तळं कडेनं गोठलेलं, मधे थोडं पाणी उघडं आणि त्यावर वाकलेल्या काडीवर खंड्या. बर्फावर सूर मारून मासा मिळत नाही, म्हणून तो उघडं पाणी सोडत नाही. म्हणून मी बर्फात पालथा. श्वास सोडला की व्ह्यूफाइंडरवर धुकं. हातमोजा काढला तर बोट बधिर, घातला तर बटण सापडत नाही. बर्फ बघून कॅमेऱ्याचं मीटर गोंधळतं आणि पांढऱ्याचं राखाडी करतं, म्हणून एक्स्पोजर चढवून ठेवलेलं. सगळं जमलं होतं.

"पडलात का?"

कानटोपीतले एक काका.

"नाही. पक्षी."

"कुठाय? तो? एवढ्याशासाठी एवढी तोफ?"

मी गप्प. गप्प माणूस हा काकांना श्रोता वाटतो. मग त्यांचा मोबाइल, त्याचा झूम, त्यांचा गुडघा, पुतण्यानं हौसेनं घेऊन कपाटात टाकलेला कॅमेरा. खंड्याही ऐकत असावा, कारण हलला नाही.

"हा नुसताच बसलाय की! उडताना मस्त येतो फोटो. उडवून देऊ का?"

मी "नको" म्हणेपर्यंत त्यांनी हातमोजे काढले. खास माझ्यासाठी. आणि टाळ्या वाजवल्या.

निळी रेघ, संपलं.

"आला?"

अहो, थंडीत पक्षी पिसं फुलवून बसतो तो गोंडस दिसायला नाही. पिसांत हवा कोंडून ऊब धरतो. एवढासा जीव, रात्रभर अंगातली चरबी जाळून सकाळ गाठतो. त्याला फुकटची भरारी परवडत नाही. पण काकांना काय बोलणार? आमच्या जमातीतही खडे मारून पक्षी उडवणारे आहेत, आणि त्यांना वर लाइक मिळतात. काका निदान मायेनं टाळ्या वाजवत होते.

"गेला ना? मग माझाच काढा."

"मागे सरका, काका."

सहाशे मिलिमीटरच्या लेन्समध्ये, आडव्या चौकटीत, उभा माणूस मावायला चाळीसेक मीटर अंतर लागतं. हे शास्त्र आहे. मी त्यांना साठावर नेलं.

"मावलो?"

"अजून थोडं!"

"हसू का?" त्यांनी तिथून बोंब ठोकली आणि उरलीसुरली बदकंही उठली.

तेवढ्यात थंडीनं बॅटरीनं मान टाकली. दुसरी आतल्या खिशात होती, छान उबदार. काढली नाही.