जेवायला जाताना मांडी घालता येईल असं घाला

सुट्टीत वेरूळ-अजिंठा बघायला येणारे पाहुणे निघायच्या आधी हमखास विचारतात, "बाहेर जेवायला जायचं तर कपडे कोणते घ्यायचे?" मी ठामपणे सांगतो, ज्यात निवांत मांडी घालता येईल ते. सुती आणि सैल.

आपल्या मराठवाड्यातलं चांगलं जेवण बऱ्याचदा मांडी घालूनच होतं. ढाब्यावर बाज असते, खानावळीत भारतीय बैठक. घट्ट जीन्स घातलेला माणूस दुसऱ्या भाकरीलाच पाय लांब करायला जागा शोधतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला तर डोकं झाकून पंगतीतच बसायचं असतं, तिथं ओढणी किंवा मोठा रुमाल जवळ हवाच. नान खलिया, म्हणजे नानसोबत मटणाचा झणझणीत रस्सा, खायचा बेत असेल तर पांढरा शर्ट बॅगेतच राहू द्या. तर्रीचा डाग सहजासहजी निघत नाही.

शिवाय फिरताना हॉटेलसाठी वेगळे कपडे बदलायला वेळ असतो कुणाला? सकाळी घृष्णेश्वर, तिथं गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो. मग कैलास लेणं, आणि तिथून घामेजल्या अंगानं थेट जेवायला. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात सिंथेटिक कपडे अंगाला चिकटतात आणि जेवणावरची वासनाच उडते. अजिंठ्याला चित्रं असलेल्या लेण्यांत पायताण बाहेर काढावं लागतं, म्हणून पायात सहज निघणारी चप्पल बरी. रात्री एसी हॉलमध्ये गारठायला झालं तर अंगावर घ्यायला हिमरूची, म्हणजे रेशीम-सुताच्या विणीची, शाल आहेच की, इथंच मिळते.

हाफ पँटला माझी हरकत नाही. साध्या हॉटेलात कुणी काही म्हणत नाही. फक्त त्याच दिवशी देवळात जायचं असेल तर पायजमा सोबत ठेवा.

पण एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. पोरं हॉटेलात शिरायच्या आधी बापाला म्हणतात, "बाबा, धोतर नको, पँट घाला ना." आईला लुगड्याऐवजी पंजाबी ड्रेस घालायला लावतात. ज्या कपड्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यात ते सगळ्यांत निवांत जेवतात हो! त्यांना अवघडून बसवायला आणलंय का फिरायला? आणि धोतर बघून कुणी त्यांना मोरीजवळचं टेबल दाखवलं, तर सरळ उठा. वेरूळच्या रस्त्यावर जेवणाच्या जागांना तोटा नाही.