प्लॅन उघडला आहे

बालगंधर्वला नाटकाचं तिकीट काढणं म्हणजे कसं सोपं होतं, प्लॅन उघडला की सकाळी खिडकीवर जायचं, आतला माणूस कागदावर पेन टेकवून बघणार, आपण म्हणायचं पाचवी-सहावी रांग, मधल्या द्या, कडेच्या नकोत, की तो फुल्या मारून मोकळा. एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी इनडोअर स्टेडियममधल्या कॉन्सर्टची तिकिटं काढायला बसलो.

फर्माईश लेकीची. बुकिंग दुपारी १२ ला. पावणेबारालाच लॅपटॉप, दोन मोबाईल, शेजारी बायको आणि मागे आमचे आप्पाकाका, जे गेली चाळीस वर्षं सवाईला भारतीय बैठकीत सतरंजी टाकून बसतात आणि खुर्चीत बसून गाणं ऐकणाऱ्याला मनातून रसिक मानतच नाहीत. बाराला नकाशा आला. घोड्याच्या नालेसारखा आकार, त्यात बुंदी सांडावी तसे रंगीत ठिपके, आणि कोपऱ्यात ८ मिनिटांचं उलटं घड्याळ.

"पुढची घे पुढची," काका म्हणाले.

"काका, पुढे खुर्च्याच नाहीत, उभं राहायचं असतं."

"एवढे पैसे मोजून उभं? मग पीएमटी काय वाईट होती!"

बायकोला बाथरूमजवळची सीट हवी, काकांचे गुडघे म्हणजे वरचे स्टँड बाद, आणि स्टेजच्या बाजूच्या ब्लॉकमधून दोन तास गायकाचा फक्त डावा कान दिसतो. शिवाय मी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत अभ्यास करून बसलेलो. म्हटलं, आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सत्तर मीटरवर बसलं की ड्रमवर काठी पडलेली आधी दिसणार आणि ठोका ०.२ सेकंदानं येणार. मागच्या भिंतीला चिकटून बसलं तर बेस नुसता घुमतो, गॅलरीच्या खाली खोल बसलं तर आवाज गोधडीतून आल्यासारखा. हे सगळं मी इतकं छान समजावून सांगितलं की घड्याळ शून्यावर आलं आणि निवडलेल्या चारही सीटा करड्या झाल्या. लेक काही बोलली नाही, नुसतं बघितलं. ते जास्त लागतं.

दुसऱ्या खेपेला मी हुकमाचा पत्ता काढला. साउंडवाला जिथं मिक्सर घेऊन बसतो तिथं आवाज बेस्ट, कारण तो स्वतःच्या कानाला बरं वाटेल तसंच सगळं जुळवतो ना! नकाशात बरोब्बर मधे एक राखाडी चौकोन होता, त्याच्या लगेच मागच्या चार सीटा मोकळ्या, आणि आजूबाजूच्यांपेक्षा स्वस्त. स्वस्त का, हा प्रश्न पुणेकराला पडायला हवा होता, पण घड्याळ पळत होतं. वर कन्व्हिनियन्स फी लागली, ती कोणाची सोय झाली म्हणून घेतात देव जाणे.

कार्यक्रमाच्या दिवशी कळलं. राखाडी चौकोन म्हणजे हातभर उंच प्लॅटफॉर्म, त्यावर टेबलं, लाइटवाल्याची वेगळी टेबलं, तिपाईवर कॅमेरा, आणि या सगळ्यापुढे उभा साउंडवाला, काळा टी-शर्ट, सहा फूट. तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे, दृश्याला अडथळा संभवतो. संभवतो काय! स्टेज म्हणून मला दिसली ती त्याची मान आणि मानेवर उलट्या टोपीची पट्टी. त्याच्या स्क्रीनवर हिरवे दांडे वरखाली नाचत होते, मधेच एखादा लाल व्हायचा, की तो करंगळीनं एक खटका केसभर खाली घ्यायचा, आणि खरं सांगतो, गायकाचा शब्द न शब्द अस्सा मोकळा व्हायचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत मी त्या करंगळीलाच दाद द्यायला लागलो. लेक केव्हाच खुर्चीवर उभी, बायको बाथरूमच्या रांगेत (ते दुसऱ्या टोकाला निघालं).

काका मात्र डोळे मिटून मांडी घालून बसलेले, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत कशी घातली तेच जाणोत. "आवाज सुरेख आहे रे," म्हणाले, "बघायचंय कोणाला?"

तेवढ्यात साउंडवाल्याच्या टेबलावरचा छोटा दिवा गेला. तो मागे वळला, मला म्हणाला, "काका, जरा मोबाईलचा टॉर्च मारता का, मिक्सरवर?"

पुढचं अख्खं गाणं सगळं स्टेडियम स्टेजकडे मोबाईल हलवत होतं आणि मी माझा मिक्सरवर धरून उभा होतो, हात अजिबात न हलवता, कारण हलवला की तो "स्थिर, काका, स्थिर" म्हणायचा.