अर्थिंग नसलेली टीम

परवाच्या रविवारी माझा सातवीतला भाचा माझ्याच सोफ्यावर बसून, मीच आणलेले बटाटेवडे खात, पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममध्ये मला सहा-शून्यानं हरवून गेला. हरण्याचं एवढं काही नाही. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "मामा, छान खेळलास हं." ते अजून टोचतंय.

टीम मी तीन रात्री जागून बांधली होती. सहा गडी, म्हणजे सहा पोकेमॉन प्राणी, प्रत्येकाला चार मूव्ह, म्हणजे डाव. शिवाय प्रत्येकावर 510 गुण वाटायचे, त्यात ताकद, बचाव, स्पीड अशा एका खान्यात 252च्या वर टाकता येत नाहीत. मी सढळ हातानं स्पीडमध्ये ओतले. आधी आपण मारायचं, समोरचा उरलाच तर बघू.

शनिवारी सकाळी गीझरचा एमसीबी सारखा पडत होता म्हणून तळमजल्यावरच्या काकांना बोलावलं. काका वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेत. स्टुलावर चढले, आणि तिथूनच त्यांना माझा लॅपटॉप दिसला. एमसीबी राहिला बाजूला.

"हा मासा जमिनीवर काय करतोय रे?"

"गारचॉम्प आहे काका. ड्रॅगन आणि ग्राउंड, म्हणजे जमीन, दोन्ही टाइप, म्हणजे जाती. याला करंट लागत नाही."

"लागणार कसा? अर्थिंग आहे ना!" काका खाली उतरले. मग पाऊण तास टेस्टरनं स्क्रीनवर टकटक करत त्यांनी अठराच्या अठरा टाइपची तपासणी केली. पाण्याला वीज भारी, मान्य. आगीला पाणी भारी म्हटल्यावर मात्र चिडले. "वायरिंगला आग लागली तर पाणी ओतशील? मरशील! माती टाकायची, माती."

ग्राउंड आगीलाही भारी आणि विजेलाही, हे मी दाखवल्यावर त्यांचं समाधान झालं. "गेम बनवणारा आयटीआय केलेला दिसतोय."

पुढे ग्लायस्कोर आला.

"हे वटवाघूळ की विंचू?"

"दोन्ही. ग्राउंड आणि फ्लाइंग."

"म्हणजे एका मीटरवर दोन कनेक्शन. याला काय सोसत नाही?"

"बर्फ. दोन्ही टाइप बर्फाला कच्चे, म्हणून मार चौपट."

"आणि त्या माशाला?"

"चौपट."

"आणि हा लाल पंखवाला?"

सॅलमेन्स. ड्रॅगन आणि फ्लाइंग. चौपट.

काकांनी टेस्टर खिशात घातला. "तीन मोठे लोड एकाच फेजवर टाकलेस. फ्यूज कुठाय?"

मी हसलो. वायरमनकडून कोण टीम बांधून घेतं?

रविवारी भाच्यानं मॅमोस्वाइन काढला. केसाळ, हत्तीएवढा डुक्कर, माझ्या तिघांपेक्षाही हळू. पण त्याच्याकडे आइस शार्ड नावाची मूव्ह, आणि ती स्पीड न बघताच आधी चालते. माझे 252 गुण, गुणिले तीन, गेले गटारात. मुळात 40 ताकदीची फुटकळ मूव्ह. पण मारणारा स्वतःच बर्फाचा, म्हणून दीडपट, त्यावर चौपट, झाली 240. भाचा वड्याची मिरची बाजूला काढत होता, तेवढ्यात माझे तिघं आडवे.

माझ्या टीममध्ये सहाच्या सहा नवरदेव होते, पंगतीत वाढायला एकही नाही. 2014 साली वॉशिंग्टनच्या जागतिक स्पर्धेत कोरियाचा से जून पार्क पाचिरिसू नावाची खार घेऊन जिंकला होता. लोक त्या खारीला हसायचे. ती फक्त समोरच्याचे वार स्वतःवर ओढून घ्यायची, की शेजारी लढणारा तिचा जोडीदार गॅराडोस मारायला मोकळा. हा किस्सा भाच्याला मीच सांगितला होता, गेल्या दिवाळीत, चकली खात. मोठ्या तोऱ्यात.

आणि खरं सांगू का, त्याला मे महिन्याची सुट्टी असते. मी टीम बांधतो ती रात्री साडेअकरानंतर, भांडी लावून, दुधाला विरजण घालून, उद्याच्या मीटिंगची धास्ती पोटात घेऊन. कोणाला काय चौपट लागतं ते त्याला पाढ्यांसारखं पाठ, मला दर वेळी तक्ता उघडावा लागतो. हा सामना बरोबरीचा कुठून?

सोमवारी जिन्यात काका भेटले. "काय रे, फ्यूज बसवलास?"

मी म्हटलं, "गीझर अजून बंदच आहे काका."

"गीझरचं कोण विचारतंय!"