प्लेटाइम कंपनीचा कारखाना नीट बघा

(स्पॉयलर आहेत. चौथ्या अध्यायापर्यंतचं सगळं उघड होणार, खेळायचं बाकी असेल तर इथेच थांबा.)

पॉपी प्लेटाइम या भयपट छापाच्या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला की गाडी दोनच जागी अडकते: हगी वगी या राक्षसी खेळण्याचे दात, आणि प्रोटोटाइप या पडद्यामागच्या खलनायकाच्या डोक्यात नक्की काय चाललंय. माझं मत वेगळं आहे. या मालिकेतली सगळ्यात नीट घडवलेली व्यक्तिरेखा कुठलंही खेळणं नाही, ती प्लेटाइम कंपनी आहे. एलियट लुडविगने १९३० साली काढलेली, कागदोपत्री आदर्श वाटेल अशी कंपनी. आणि हा खेळ बनवणाऱ्या मॉब एंटरटेनमेंटने पुढच्या अध्यायांत नेमकं तिचंच वजन कमी केलं, ही माझी तक्रार आहे.

खेळात आपण कंपनीचे जुने कर्मचारी. सगळा स्टाफ गायब होऊन दहा वर्षं झाल्यावर एक चिठ्ठी येते की आम्ही अजून इथेच आहोत, फूल शोध. आत गेल्यावर कंपनीबद्दल बरंच काही व्हीएचएस टेपांमधून कळतं, पण टेपा न बघताही कंपनी कळते, कारण प्रत्येक कोडं म्हणजे तिथलं एखादं रोजचं काम आहे.

ग्रॅबपॅकच घ्या. पाठीवर अडकवायची पेटी, तिच्यातून निघणाऱ्या दोन वायरी आणि टोकाला प्लास्टिकचे हात. माऊसच्या डाव्या बटणाला डावा हात, उजव्याला उजवा. सुरुवातीला फक्त निळा हात मिळतो, लाल नंतर. दारांवर त्याच रंगांचे पंजे रंगवलेले आहेत, म्हणजे कोणत्या कामगाराने कुठे जायचं हे त्याच्या पाठीवरच्या अवजारानेच ठरवून टाकलंय. खेळणी बनवणाऱ्या कंपनीला शोभेल अशी गंमतशीर कल्पना. आता वायरीकडे बघा. ती वीज वाहून नेते. वीज नसलेलं दार उघडायचं तर एक हात वीजस्रोताला लावायचा, वायर मधल्या खांबांभोवती फिरवत न्यायची आणि पलीकडच्या सॉकेटपर्यंत पोचवायची. विजेचा हा सगळा प्रवाह कामगाराच्या पाठीवरून जातो! कुठल्याही शहाण्या कारखान्यात हे अवजार पहिल्याच तपासणीत बाद झालं असतं. इथे ते वापरायला कर्मचाऱ्यांना हसतखेळत शिकवणारा व्हिडिओ आहे.

या खांबांच्या कोड्यात नवे खेळाडू हमखास अडकतात. कारणं दोन. वायरीची लांबी मर्यादित असते. खोलीला वळसा घालून गेलात तर ती ताणली जाते आणि हात परत येतो, मग सगळं पहिल्यापासून. दुसरं, वायर खांबाजवळून नेली म्हणजे झालं असं नाही, ती खांबाला टेकली पाहिजे. एक खांब जरी सुटला तरी सर्किट पूर्ण होत नाही. म्हणून आधी मोकळ्या हाताने एक चक्कर मारा, शेवटचं सॉकेट कुठे आहे ते बघा, तिथून मागे येत खांबांचा क्रम ठरवा आणि मगच हात सोडा.

पहिला अध्याय (१२ ऑक्टोबर २०२१) याच शिस्तीत बांधलाय आणि म्हणून तो अजूनही मला सगळ्यात पक्का वाटतो. सुरक्षा खोलीचा कोड हिरवा, गुलाबी, पिवळा, लाल. तो लिहून ठेवलेला नाही, खेळण्यातल्या आगगाडीच्या डब्यांच्या रंगांत आहे. मग लॉबीतला हगी वगी. वीज गेली की त्याच्या हातातली किल्ली घेऊन पुढे जायचं, वीजखोलीतलं काम संपवून परत यायचं, आणि चौथरा रिकामा. एकही किंचाळी न वापरता केलेली ही युक्ती मालिकेत पुन्हा इतकी जमली नाही. त्यापुढे मेक-अ-फ्रेंड विभाग: यंत्रांना वीज द्यायची, लिव्हर ओढायचा, पट्ट्यावरून कॅट-बी नावाचं खेळणं तयार होऊन येतं, ते स्कॅनरवर ठेवलं की दार उघडतं. नीट विचार करा. इथे माणसाला बाहेर पडायचं तर आधी एक नग तयार करून दाखवावा लागतो. एवढ्या एका दारात कंपनी कळते.

(व्हेंटमधल्या, म्हणजे हवेच्या बोगद्यांतल्या, हगीच्या पाठलागाबद्दल एवढंच: मागे वळून बघू नका. बघण्यासारखं असतं, पण वेग जातो. शेवटी रस्ता बंद झाला की वर बघा, लटकलेला खोका हातांनी खाली ओढा.)

दुसरा अध्याय, ५ मे २०२२. इथलं गेम स्टेशन वरवर तीन मिनीगेम वाटतं: बन्झो बनीचा म्युझिकल मेमरी, व्हॅक-अ-वगी, आणि पीजे पग-अ-पिलरचा स्टॅच्यूज. प्रत्यक्षात ही चाचणी आहे. एकात स्मरणशक्ती, दुसऱ्यात प्रतिक्रियेचा वेग, तिसऱ्यात स्वतःवरचा ताबा. कारखान्यातल्या अनाथ मुलांना खेळायला सोडायचं आणि काचेमागून नोंदी घ्यायच्या. मॉमी लाँग लेग्ज, म्हणजे प्रयोग क्रमांक १२२२, ही तिथली यजमानीण. खेळताना म्युझिकल मेमरीत रंग मनात नाही, मोठ्याने म्हणा. डोळे वर टांगलेल्या बन्झोकडे गेले की क्रम विसरतो, आणि झांजा वाजवणारा तो ससा नेमका त्यासाठीच टांगलाय. व्हॅक-अ-वगीला हेडफोन हवेतच, कारण भोकं चहूबाजूंना आहेत आणि नजर एकाच बाजूला पोचते. हिरवा हातही इथेच मिळतो. तो वीज साठवून ठेवतो, पण काही सेकंदच. चार्ज घेऊन मग रस्ता शोधणारा हरतो. आधी रस्ता चालून या, मग चार्ज घ्या.

तिसऱ्या अध्यायात (३० जानेवारी २०२४) प्लेकेअर येतं: कारखान्याच्या पोटात अनाथाश्रम, शाळा, खेळघर. कच्चा माल आणि उत्पादन एकाच छपराखाली. बिगर बॉडीज इनिशिएटिव्ह हे नाव मला नेहमी अंगावर येतं ते त्याच्या कोरडेपणामुळे. मुलांचं शरीर खेळण्यात घालायच्या कामाला कुणीतरी बैठकीत बसून असं फायलीवर शोभणारं नाव दिलंय. क्रमांकही तसेच. हगी ११७०, कॅटनॅप ११८८, प्रोटोटाइप १००६. कॅटनॅप म्हणजे थिओडोर ग्रॅम्बेल हा मुलगा. त्याच्या गोष्टीत पुन्हा ग्रॅबपॅक आणि विजेचा धक्का आहे, आणि आपणही कॅटनॅपला विजेनेच हरवतो. लेखकांनी हे जाणूनबुजून केलं असेल तर त्यांना मानलं. पहिल्या अध्यायात गंमत म्हणून हातात दिलेलं अवजार इथे खुनाचा पुरावा होऊन समोर येतं. ८ ऑगस्ट १९९५ च्या ‘अवर ऑफ जॉय’ची, म्हणजे खेळण्यांनी केलेल्या कर्मचाऱ्यांच्या कत्तलीची, चित्रफीत याच अध्यायात बघायला मिळते, आणि ती बघताना बाजू घेणं अवघड जातं. मरणाऱ्यांत फाइलवाले साहेब किती आणि पॅकिंगवाले किती, हे खेळ सांगत नाही.

मग ३० जानेवारी २०२५ ला चौथा अध्याय आला आणि सगळं डॉक्टर हार्ली सॉयरवर ढकललं गेलं. स्क्रीनवरून बोलणारा, कुत्सित, क्रूर, हुशार माणूस. आवाज अप्रतिम, प्रसंग चांगले, डोई तर मालिकेतलं सर्वांत करुण पात्र. तीन मुलं एका पिठाच्या गोळ्यात! पण सॉयर जितका राक्षसी होतो तितकी कंपनी निर्दोष होत जाते. एका वेड्या शास्त्रज्ञाने केलं म्हटलं की खरेदी विभाग, मुलांचे समुपदेशक, जाहिराती लिहिणारे, इनोव्हेशनचा प्रमुख लीथ पिअर, सगळे सुटले. सॉयर एकटा अनाथाश्रम चालवू शकत नाही. कुणीतरी दूध मागवत होतं, कुणीतरी हजेरी घेत होतं, आणि रोज एखादं नाव कमी होत होतं. मला त्या हजेरीपटाची भीती वाटते, सॉयरची नाही. चाहत्यांपैकी बऱ्याच जणांना खलनायकाला चेहरा मिळाला म्हणून बरं वाटलं. मला तिथे भीती पातळ झालेली वाटली. फोनवरून आपल्याला मदत करणारा ऑली म्हणजेच प्रोटोटाइप हा शेवटचा धक्का जोरदार आहे, मान्य, पण तोही शेवटी एकाच डोक्याचा कट.

नव्याने सुरू करणार असाल तर पहिला अध्याय फुकट मिळतो आणि एका बैठकीत संपतो. टेपा शोधायच्या नादात खोल्या धावत पार करू नका. भिंतीवरची पोस्टर, दारांवरचे पंजे, टेबलावर राहिलेले कागद हे सगळं हळू चालत बघा, पाठलाग सुरू झाला की तशीही संधी मिळत नाही. आणि खांबांची कोडी पहिल्याच अध्यायात कंटाळवाणी वाटली तर पुढचे अध्याय विकत घेऊ नका, कारण पुढे ती वाढतातच.