मान खाली घातली म्हणून कुणी नापास होत नाही

परवा रात्री ताईचा फोन. "अरे, ही पोरगी दोन दिवस आरशासमोर बसून मान न हलवता गणितं सोडवतेय. कागदाला हात लावत नाही. विचारलं तर रडते." खोदून विचारल्यावर कारण निघालं ते दाजींनी ग्रुपवर टाकलेला मेसेज.

भाची बी.कॉम. बाहेरून करतेय. यंदा पेपर घरूनच आहे. कॅमेरा चालू ठेवायचा आणि लांबून सॉफ्टवेअर नजर ठेवणार, ते प्रॉक्टरिंग. मेसेज म्हणतो: 'सावधान! एआय कॅमेरा शंभर टक्के कॉपी पकडतो. नजर हटली की तीन वॉर्निंग आणि आपोआप नापास. साधा मोबाइल पुरतो. परदेशात सगळीकडे हेच आहे, कुणाची तक्रार नाही. प्रामाणिक मुलांनी घाबरायचं कारण नाही.' खाली 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा' हे आलंच.

आधी त्या मानेचं बघू, कारण नुकसान तिथंच झालंय. कॉस्टिंगचं गणित कागदाशिवाय सोडवून दाखवावं, हे दाजींनाच माझं आव्हान आहे. उत्पादन खर्चाचा तक्ता काय तोंडी मांडायचा? मान वळली, दुसरा चेहरा दिसला, आवाज आला की सॉफ्टवेअर त्या मिनिटाला खूण करतं. खूण म्हणजे फक्त 'इथे माणसानं बघावं' एवढंच. नापास करायचं की नाही हे गैरप्रकार समिती ठरवते, आणि त्याआधी मुलाचं म्हणणं ऐकावं लागतं. काही ठिकाणी ठरावीक वॉर्निंगनंतर पेपर बंद होतो, हे मान्य. पण ते त्या त्या परीक्षेच्या सेटिंगवर असतं, आणि पेपर बंद पडणं म्हणजे नापास होणं नव्हे. भाचीचं सूचनापत्रक मागवून वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलंय: कच्च्या कामासाठी कोरा कागद चालेल, आधी दोन्ही बाजू कॅमेऱ्याला दाखवा. पत्रक ताईच्याच फोनवर पडून होतं, पण उघडलं कुणी नव्हतं. मेसेज मात्र चार ग्रुपवर फिरून आला.

खरी काळजी उलटी आहे. खुणा हजारो पडतात, पण त्या बघतो कोण? प्रॉक्टरयू ही याच धंद्यातली अमेरिकन कंपनी. नुसत्या एआयवर चालणारी सेवा विकणं आपण बंद करतोय, असं तिनं 2021 मध्ये जाहीर केलं. तिचंच म्हणणं होतं की संशयित ठरलेल्या सत्रांपैकी साधारण 11 टक्केच सत्रं संस्था उघडून बघतात. म्हणजे विकणाऱ्यालाच भरवसा नाही आणि आमच्या दाजींना आहे.

आता ते 'शंभर टक्के'. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी हे करूनच पाहिलं. प्रॉक्टोरिओ हे नावाजलेलं सॉफ्टवेअर लावून 30 विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली आणि त्यातल्या सहांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलं. सॉफ्टवेअरनं सहापैकी किती पकडले? एकही नाही. नंतर माणसानं रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा एक सापडला. 2021 मध्ये छापलेल्या त्या निबंधात या सॉफ्टवेअरची तुलना थेट प्लासिबोशी केली आहे. औषध नसलेल्या गोळीनं बरं वाटावं, तसं. प्रयोग लहान होता आणि विद्यार्थी संगणकशास्त्राचे, म्हणजे पक्के, हे खरं. पण शंभर टक्क्यांच्या दाव्यासमोर शून्य आल्यावर आणखी काय बोलायचं?

धाकानं थोडीफार कॉपी कमी होते, हे तेच संशोधक मान्य करतात, मग मीही करतो. एस.टी.नं दोन तास जाऊन केंद्र गाठण्यापेक्षा घरी पेपर देणं बाळंतिणीला, अपंगाला, नोकरीवाल्याला सोयीचं आहे, हेही खरं. मेसेजमध्ये नेमकं हेच लिहिलेलं नाही.

'साधा मोबाइल पुरतो'. ताईच्या घरी भाची तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून सराव करते. वर पत्रा. पाऊस सुरू झाला की स्क्रीनवर 'आवाज आढळला'. मागून आजी देवघरात गेली की 'दुसरी व्यक्ती आढळली'. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी 4.4 टक्के घरांत संगणक होता, शहरांत 23.4 टक्के. आकडे जुने आहेत, त्यानंतर मोबाइल घरोघरी आले. पण मोबाइल आल्यानं वेगळी खोली आणि दार येत नाही. आणि सगळं असूनही मूळ यंत्रणाच बसू शकते. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या 'आयडॉल' या दूरशिक्षण संस्थेची ऑनलाइन परीक्षा सायबर हल्ल्याचं कारण देऊन पुढे ढकलली गेली होती.

परदेशात तक्रार नाही म्हणे. अमेरिकेत ऑगस्ट 2022 मध्ये फेडरल न्यायालयानं क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. परीक्षेआधी कॅमेरा फिरवून विद्यार्थ्याची खोली दाखवायला लावणं हे तिथल्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीविरुद्ध, म्हणजे अवाजवी झडतीपासूनच्या संरक्षणाविरुद्ध ठरलं. कोर्टात कोण गेलं होतं? विद्यार्थीच.

प्रामाणिक मुलांनी घाबरायचं कारण नाही, या वाक्यावर मी काही लिहिणार नाही. भाचीला आरशासमोर बसवलं ते याच मेसेजनं.

तिला सांगितलंय, खिडकीकडे तोंड करून बस म्हणजे चेहऱ्यावर उजेड येईल. कागद दाखव आणि खुशाल मान खाली घाल. पाऊस लागला किंवा वॉर्निंग आली तर वेळ टिपून ठेव आणि पेपर संपल्याबरोबर परीक्षा विभागाला मेल कर. मजकूर मी लिहून देतो. सूचनापत्रकाचा फोटो ग्रुपवर टाकलाय. दाजींनी अंगठा दाखवलाय. त्यांचा मेसेज अजून तिथंच आहे.