योजनेच्या नकाशावर सडा कुठे आहे?

सकाळपासून डोकं फिरलंय. इन्स्टावर एक व्हिडिओ फिरतोय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ड्रोनने टिपलेलं कातळपठार, म्हणजे आमचा सडा, ऐन श्रावणातला. जांभळ्या सीतेच्या आसवांचे पट्टे, मधेमधे गेंदाचे पांढरे ठिपके, कातळातल्या खळग्यांत साचलेलं पाणी, लांबवर समुद्र. मागे बासरी. आणि मग एका बाईचा मधाळ आवाज: पडीक जमिनीचं सोनं करा! सी व्ह्यू प्लॉट, बिनशेती, क्लिअर टायटल.

ज्या फुलांवरून ड्रोन फिरवलात त्यांच्यावरच उद्या पोकलेन घालणार, आणि प्लॉट खपवायला चित्र मात्र त्याच फुलांचं. खाली शंभरेक कमेंट, 'रेट?', 'रेट प्लीज', 'डीएम केलंय'. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, हे पडीक कसं?

माझ्या यादीतल्या कोकणाबाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. आठ महिने बघाल तर काळाभोर, तापलेला, गवताची काडी नाही. पहिल्या पावसानंतर दोन आठवड्यांत ओळखू येत नाही. कातळावर बोटभर माती असते, तिच्यात उगवणारी कित्येक झाडं जगात दुसरीकडे कुठे नाहीत. आमच्याकडची दीपकाडी घ्या, कोकणातल्या सड्यांची आहे ती. आणि फुलं सोडून द्या एकवेळ, पाणी बघा. जांभा सच्छिद्र. पडलेला पाऊस आत मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतो आणि डोंगराच्या पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतो. आमच्या वाडीतल्या सगळ्या बावी, म्हणजे विहिरी, त्या पाण्यावर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर फिरतात, यावर हसणारे पुष्कळ भेटतात. हसण्याआधी वरच्या सड्याचं काय केलंय ते बघून या म्हणावं.

आता आमच्या वाडीतल्या आक्कांची गोष्ट. माझ्या जुन्या मैत्रिणींनी ऐकली आहे, परत ऐका.

काही वर्षांपूर्वी प्रादेशिक योजनेत, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करायचं ते ठरवणाऱ्या सरकारी नकाशात, आमच्या सड्यावरचे जमिनीचे काही गट शेती विभागातून काढून रहिवास विभागात टाकायचा प्रस्ताव निघाला. नोटीस कुठल्याशा पेपरच्या आतल्या पानावर, आमच्या वाडीत जो पेपर येतच नाही त्यात. हरकती द्यायला महिनाभर मुदत. योगायोगाने एका मास्तरांच्या नजरेला पडली म्हणून कळलं. सुनावणीला आम्ही जिल्ह्याच्या गावी गेलो, सोबत आक्का. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि रेशनकार्ड. रेशनकार्ड कशाला, विचारलं तर म्हणाल्या, सरकारी काम हाय, आसू दे.

साहेब तसे सभ्य होते. खुर्ची दिली. विचारलं, "आजी, तुमचा गट नंबर सांगा."

"माजा गट नंबर नाय."

"मग तुमची हरकत कशाला?"

"सायब, सडा वरती हाय न माजी बाव खालती. वरती सिमिट वतलात तर बावीत काय येनार?"

टाइप करणाऱ्या पोराचे हात थांबले. साहेब हसले. कुचेष्टेने नाही, सहज हसले. आणि म्हणाले, "पुढचे कोण?"

नंतर कागद आला. हरकतदाराची जमीन प्रस्तावित क्षेत्रात येत नसल्याने हरकत विचारात घेता येत नाही. संपलं.

मला राग त्या साहेबांचा नाहीच. त्यांच्या समोरचा तक्ताच तसा होता: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, हरकत. आपलं सगळं नियोजन त्या तक्त्यावर चालतं. जमिनीचा तुकडा आणि त्याचा मालक, एवढंच दिसतं. तुकड्यावरून वाहणारं पाणी, त्यावर चरणारी दुसऱ्याची गुरं, पलीकडच्या वाडीतून दिसणारी क्षितिजाची रेघ, यातलं काही कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. सातबाऱ्यावर सडा कसा लावलेला असतो? पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात असले कातळ खडकाळ पडीक म्हणून रंगवलेले. कागदावर एकदा असं लागलं की पुढची सगळी कामं सोपी. पडीकच आहे, द्या प्रकल्पाला. पडीकच आहे, करा प्लॉटिंग.

"अगं पण नियम आहेत ना" असं म्हणणाऱ्यांसाठी. आहेत. डोंगराच्या १:५ पेक्षा जास्त तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही असा नियम आहे. चांगला नियम आहे. फक्त सडा सपाट असतो हो! उतार वाचला, माथा मोकळा. साहेबांनी त्या दिवशी हा नियम आम्हाला वाचूनही दाखवला होता, आणि आक्का मान हलवत ऐकत होत्या, त्यांना वाटलं आपल्या बाजूचं काहीतरी निघालं.

आणि हरित पट्टा, म्हणजे शेती विभाग, म्हटला की आपण निर्धास्त होतो, तसंही काही नाही. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली काढून बघा. शेती विभागातही फार्महाउस, रिसॉर्ट, पर्यटनाची बांधकामं अटींवर चालतात. रहिवास विभागाचा रंग लागला तर मग विचारायलाच नको, जमीन महसूल कायद्यातल्या नव्या कलमांप्रमाणे वेगळी बिनशेती परवानगी घ्यायचीही गरज नाही, पैसे भरले की झालं. म्हणजे खरा निर्णय नकाशात रंग भरला जातो तेव्हाच होऊन जातो. तिथे आपण कुणी नसतो. आपण येतो पोकलेन आल्यावर, फलक घेऊन.

मला खरं तर चीड याची येते की आपलं संवर्धनही तुकड्यांतच चालतं. कासचं पठार बघा. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, सगळ्यांना केवढा अभिमान. तिकीट आलं, रोजच्या माणसांवर मर्यादा आली. चांगलं झालं. आणि साताऱ्याहून वर जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय उभं राहिलंय ते मान वळवून बघा. फुलांना तिकीट, बाजूला हॉटेल. किंवा आमची कातळशिल्पं, सड्यावर कोरलेली जुनी चित्रं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, उक्षी, जांभरुण, कशेळी. कशेळीचा तो हत्ती, १८ मीटर लांबीचा, त्याच्या पोटात मासे, पक्षी, वाघ कोरलेले. कोरणाऱ्यांनी अख्खा सडाच कागदासारखा वापरला. आपण काय करणार? चित्राभोवती चिऱ्यांचा गडगा घालणार, फलक लावणार, आणि गडग्याबाहेरचं मोकळं सोडणार. कुंकू ठेवलं, कपाळ विकलं.

हो, माहीत आहे. सडा फक्त बाहेरच्यांनी बिघडवलेला नाही. सुरुंग लावून खड्डे मारून, बाहेरून माती आणून हापूसची कलमं लावली ती आपल्याच माणसांनी. चिरेखाणीही आपल्याच, आणि माझ्या माहेरचं घर चिऱ्याचंच आहे. लिहिलं, झालं समाधान?

रोजगाराचंही लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये तेच येणार. वाडीत तरुण पोरं उरली नाहीत, घरांना कुलपं आहेत, हे खोटं नाही. पण प्लॉटिंगमधून नक्की कुणाला काम मिळालं ते दाखवा. आमच्या शेजारच्या गावात सड्यावर बंगल्यांची वसाहत झाली. वर्षातून दहा दिवस दिवे लागतात. गावातला एक पोरगा वॉचमन आहे. एक. आणि बोअरवेल मात्र प्रत्येक बंगल्याला.

ज्याच्या नावावर सड्याचा तुकडा आहे त्याने काय करायचं, हा प्रश्न मात्र मला टाळता येत नाही. कारण आमच्याच घराचा सामाईक गट आहे वर. मुंबईतल्या दोन्ही चुलतभावांना विकायचा आहे. त्यांतल्या दादाचं म्हणणं, पिढ्यान्‌पिढ्या त्या कातळाने आपल्याला काय दिलं? त्याच्या मुलीच्या शिक्षणाचं कर्ज आहे, मला माहीत आहे, आणि ते आकडे बघितले की माझी भाषणं मलाच ऐकवत नाहीत. शहरात आरक्षण टाकलं की मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधायचा हक्क, देता ना? मग सड्याच्या मालकाला तसं काही का नाही? पाणी राखल्याबद्दल त्याला दरवर्षी पैसे का मिळू नयेत? राखायचं गावाने, आणि भुर्दंड एकट्या मालकाला, हे चालणार नाही. दादाच्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

पण दादा, विकणं हा एकच रस्ता उरतो तो नकाशामुळे. त्या नकाशात आधी सडा म्हणून काही असायला हवं. शेती नाही, रहिवास नाही, पडीक नाही. सडा, त्याची हद्द, त्याचे झरे, खालच्या बावी, सगळं एकत्र रंगवलेलं. गुरं चरू देत, गवत कापू देत, गावठाणालगत गावातल्या माणसांची घरं वाढू देत, त्याला कोण नाही म्हणतंय? बाकीच्याला मात्र ग्रामसभेच्या ठरावाशिवाय हात लावायचा नाही. आणि ठराव म्हणजे शिफारस नव्हे, ज्यावर वरून काट मारता येते. बंधनकारक.

इथे परत आक्का आठवतात. सुनावणीत त्यांना कुणी मोजलं नाही कारण गट नंबर नव्हता. ग्रामसभेत गट नंबर कुणी विचारत नाही. मतदार यादीत नाव पुरतं. आक्कांचं तिथे आहे, आणि सड्यावर एक गुंठा नसलेल्या वाडीतल्या निम्म्या बायकांचंही आहे. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात हेच तर सांगितलं होतं, की काय राखायचं आणि कसं, ते ग्रामसभांना ठरवू द्या. लोकांना सांगण्यात आलं की गाडगीळ आला की घर बांधता येणार नाही, कौल बदलता येणार नाही. अहवाल वाचला कुणी? सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आपणहून ठराव केले होते, आम्हाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या म्हणून! पुढे कस्तुरीरंगन समिती आली, क्षेत्र घटलं, ग्रामसभा बाजूला पडली आणि गावांच्या याद्या वरून आल्या. २०१४ पासून त्या क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदाच निघतोय. जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला. मसुद्यांच्या दरम्यान कुठले सड्यावरचे व्यवहार थांबले होते का? उलट, बंदी यायच्या आत उरकून घ्या म्हणून दलालांनीच त्याची जाहिरात केली.

ग्रामसभा म्हणजे देवांची सभा नव्हे, ठाऊक आहे. कोरम कसा भरतो, सह्या कुठे होतात, सरपंचाच्या मेहुण्याचा जेसीबी असतो, सगळं बघितलंय. तरी तिथे मला उठून ओरडता येतं. जिल्ह्याच्या कचेरीत मला 'पुढचे कोण' ऐकावं लागतं.

आणि होत नाही असं नाही. शेजारी गोव्यात २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा निघाला, त्यात टेकड्या आणि शेतं सरसकट वसाहतीत घातलेली. गावोगावचे लोक आपापला नकाशा हातात घेऊन बसले, आपल्या गावात कुठला रंग कुठे लावलाय ते एकमेकांना दाखवत. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो अख्खा आराखडा रद्द करावा लागला. पुढे तिथेही मागच्या दाराने बरंच झालं, ते सोडा. पण लोकांना नकाशा वाचता आला, हे महत्त्वाचं. आपल्या गावाचा प्रादेशिक योजनेचा नकाशा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? साताऱ्यात नवीन महाबळेश्वरसाठी २३५ गावं एका महामंडळाच्या हाती नियोजनाला दिली. त्या गावांतल्या किती घरांत तो नकाशा पोचला असेल?

त्या दिवशी सुनावणीनंतर एसटी स्टँडवर चहा पीत बसलो होतो. आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग आमी कुनाकडं जायाचा?" मला काही सांगता आलं नाही. बस आली म्हणून सुटले.

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, तेवढ्यात कामाचं सांगते. आमच्या तालुक्यातल्या आणखी काही गटांच्या बदलाची नोटीस निघाली आहे, हरकतीची मुदत या महिनाअखेरीपर्यंत. अर्जाचा मराठी नमुना मी तयार केलाय, इनबॉक्स करा, पाठवते. स्वतःच्या शब्दांत लिहा, एकसारखे अर्ज एकगठ्ठा निकालात काढतात. पोच घ्या, शिक्क्यासकट. गावाकडे असाल तर येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सड्याचा विषय घ्यायला आधीच लेखी द्या, ऐनवेळच्या विषयात कुणी घेत नाही.

आणि दादा, तू हे वाचणार आहेस, वहिनी टॅग करतेच तुला. सहीसाठी फोन करू नकोस. गणपतीत येशील तेव्हा समोरासमोर भांडू.